मानेमागचं वाऱ्याचं तळं

नमस्कार मंडळी. आज बोलायला लागायच्या आधी एक छोटंसं काम करूया. गाडी चालवत असाल तर नका करू, बाकीच्यांनी दोन्ही हात डोक्यामागे न्या, बोटं डोक्यावर टेकवा आणि अंगठे कवटीच्या खालच्या कडेखाली ठेवा. मधोमध मणक्याची ओळ लागेल, तिथून बाजूला सरकलं की एक जाड स्नायू लागतो, तो ओलांडला की अंगठा आपोआप एका खळग्यात जाऊन बसतो, कानामागच्या हाडाकडून येणारा स्नायू आणि हा जाड स्नायू यांच्या मधे. हलकेच दाबा बरं. दुखतंय ना? मोबाईलमधे मान घालून बसणाऱ्या बहुतेकांना तिथे दुखतंच.

अ‍ॅक्युपंक्चरमधे, म्हणजे चिनी सुयांच्या उपचारात, या जागेचं नाव फेंगची. फेंग म्हणजे वारा, आपल्याला माहीत असलेल्या फेंगशुईतला फेंग तोच. आणि ची म्हणजे तळं. (ऊर्जेला म्हणतात तो ची वेगळा, लोक नेहमी गल्लत करतात म्हणून आधीच सांगते.) तर वाऱ्याचं तळं. मला हे नाव फार आवडतं, कारण खळग्यात पाणी साठतं तसा बाहेरचा वारा इथे येऊन साठतो अशी त्यामागची कल्पना आहे, आणि आपली आजी एसटीत खिडकी लावून घे, मानेला वारं लागेल म्हणायची तेव्हा ती तरी दुसरं काय सांगत होती!

चिनी वैद्यांनी तर मानेभोवती वाऱ्याचं अख्खं गावच वसवलंय. पाठीच्या वरच्या भागात फेंगमन, म्हणजे वाऱ्याचं दार. मानेच्या मागे मधोमध फेंगफू, वाऱ्याचा वाडा. कानाच्या पाळीमागे यिफेंग, वाऱ्याचा आडोसा. आणि फेंगफूच्या दोन्ही बाजूंना आपली ही तळी. सुमारे 1800 वर्षांपूर्वी चीनमधे हान राजवटीच्या काळात चांग चुंगचिंग नावाचे मोठे वैद्य होऊन गेले, त्यांनी थंडीतापाच्या ग्रंथात लिहून ठेवलंय की दालचिनीच्या डहाळ्यांचा काढा देऊन रोगी उलट बेचैन झाला तर आधी फेंगची आणि फेंगफूला सुई लावा, मग पुन्हा काढा द्या. म्हणजे आधी वाऱ्याला वाट करून द्यायची आणि नंतर औषध, किती साधा विचार आहे बघा.

आज ही जागा डोकेदुखी, अवघडलेली मान, चक्कर, डोळ्यांवरचा ताण यासाठी वापरतात. सकाळी उठल्यावर मान धरलेली असते त्याला चिनीत लुओचेन म्हणतात, शब्दशः उशीवरून घसरणं. शरीरशास्त्राच्या बाजूने बघितलं तर इथे कवटीला धरून ठेवणारे छोटे स्नायू आहेत आणि डोक्याच्या मागच्या भागाला संवेदना देणाऱ्या नसा जवळून जातात, त्यामुळे इथला ताण डोळ्यांपर्यंत जाणवतो यात नवल नाही. अर्धशिशीवर 2016 साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधनं तपासणाऱ्या संस्थेचा मोठा आढावा आला, त्यात अ‍ॅक्युपंक्चरने झटके कमी होतात असं दिसलं, पण तुलनेसाठी नुसत्या नावाला लावलेल्या खोट्या सुयांपेक्षा फरक लहानच होता. मी ही पद्धत मनापासून मानते, तरी हेही तुम्हाला सांगायलाच हवं.

आता कृपा करून नीट ऐका. इथे सुई लावताना तिचं टोक नाकाच्या शेंड्याच्या दिशेने ठेवतात आणि खोली साधारण अर्धा ते एक इंच. का, तर आत मेंदूचा तो भाग आहे जिथून श्वास आणि हृदयाचे ठोके चालतात. व्हिडिओ बघून घरी सुया टोचणारे लोक मला भेटलेत, खरंच जीव कळवळतो. सुई प्रशिक्षित माणसानेच लावावी, महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे, नोंदणी विचारा, विचारायला लाजू नका. आणि अंगठे मागेच ठेवा, पुढे गळ्याच्या बाजूला नाडी उडते तिथे जोरात दाबू नका, तिथे रेनयिंग नावाची दुसरी जागा आहे, जुने वैद्य तिथली नाडी मनगटाच्या नाडीशी ताडून बघायचे, पण दाबली तर बीपी एकदम खाली येऊन माणूस चक्कर येऊन पडू शकतो. अचानक कधी नव्हे इतकं भयंकर डोकं दुखलं, तापाबरोबर मान ताठ झाली, हातपाय लुळे वाटले, तर दाबत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

ही विद्या आपल्याकडे आली कशी, तर 1938 साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कोलकात्याचे डॉ. बिजॉयकुमार बसूही होते. कोटणीस 1942 मधे तिकडेच वारले, अवघे 32 वर्षांचे. बसू परत आले, 1958 मधे पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं.

माझ्याकडे एक ब्लाऊज शिवणाऱ्या ताई येतात. मशीनवर दिवसभर मान खाली. पहिल्यांदा फेंगचीला सुई लागली तेव्हा म्हणाल्या, अहो मॅडम, डोळ्याच्या मागे जड जड काहीतरी सरकतंय. या जडपणाला चिनी वैद्य देची म्हणतात, म्हणजे ची पोचला, हा मात्र ऊर्जेचा ची. आता त्या घरी बॉबिन बदलताना मशीन थांबवतात, अंगठे मागे नेतात, पाच-सहा संथ श्वास होईपर्यंत तळ्यात ठेवतात आणि मगच दोरा ओवतात.