दोन सिमकार्डं आणि एक वही

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात, आणि खाडीपलीकडे ऐरोली, घणसोली, वाशीकडे, दोन-चार माणसांच्या जिवावर चालणारे धंदे पावलोपावली दिसतात. एसीची सर्व्हिस, पाण्याच्या टाक्या धुणं, पेस्ट कंट्रोल, इस्त्री, पोळीभाजीचे डबे, घरगुती शिकवण्या. एखादी स्कूटर, एक मोबाइल नंबर आणि तोंडी प्रसिद्धी, एवढंच भांडवल. आजचं बोलणं या मंडळींसाठी आहे. धंद्यात आपण काही ना काही बदल करत असतो. त्यातला कुठला खरंच लागू पडला हे ओळखायचं कसं, एवढाच विषय.

पुष्कळजण म्हणतात, "यात ओळखायचंय काय? गल्ला सांगतोच की." गल्ला सांगतो, पण तो कशामुळे भरला ते सांगत नाही. समजा, एका एसीवाल्यानं फेब्रुवारीच्या अखेरीस नवं रंगीत पत्रक छापलं. मार्चमध्ये फोन दुपटीनं वाढले. गडी खूश, लगेच आणखी दहा हजार पत्रकं छापायला टाकली. आता मला सांगा, होळी झाल्यावर ठाण्यात एसीवाल्याचा फोन वाजला नाही तरच नवल. जुनं काळंपांढरं पत्रक वाटलं असतं तरी वाजला असता. कदाचित काहीच वाटलं नसतं तरीही. याच्या उलट, गणपतीच्या आठवड्यात एखादी चांगली योजना काढून बघा. अर्धी गिऱ्हाइकं कोकणात गेलेली, दारांना कुलपं. योजना बिचारी फुकट बदनाम होते आणि "आपल्याकडे असलं काही चालत नाही" असं म्हणून मालक ती कायमची गुंडाळून ठेवतो.

म्हणजे आधी आणि नंतर अशी तुलना आपल्याला हमखास फसवते. उन्हाळा, पाऊस, सण, परीक्षा, महिन्याची एक तारीख, सगळे मध्ये लुडबुड करतात. दोन गोष्टी ताडून बघायच्या तर त्या एकाच वेळी चालवल्या पाहिजेत. शेती असलेल्या घरातल्या श्रोत्यांना हे नवं नाही. जुनं बियाणं गेल्या साली आणि नवं यंदा पेरून कोणी निवाडा करत नाही. एकाच वावरात दोघांना पट्टे देतात, म्हणजे पाऊस पडला तरी दोघांवर आणि कीड आली तरी दोघांना. या पद्धतीला शिस्त लावली तीही शेतातच. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ १९१९ मध्ये रुजू झाले. कुठल्या पट्ट्यात काय पेरायचं हे माणसानं आपल्या मनानं ठरवू नये, चिठ्ठ्या टाकून ठरवावं, हा त्यांचा आग्रह. माणूस नकळत चांगली जमीन आपल्या आवडत्या बियाण्याला देतो, म्हणून.

हे आपल्या गल्लीत कसं आणायचं? पत्रकाचंच घ्या. एका पत्रकावर ठळक अक्षरात दर: 'एसी सर्व्हिस अमुक रुपयांत'. दुसऱ्यावर दर तोच, पण खाली, बारीक अक्षरात, आणि वर प्रश्न: 'एसीचं पाणी भिंतीवरून गळतंय?' दोन्ही सारख्याच संख्येनं छापा. मग गठ्ठा लावताना एक हे, एक ते, अशी आलटून पालटून रचना करा आणि तो गठ्ठा पेपरच्या एजंटला द्या. पेपरात पत्रक घालणारी पोरं वरून उचलत जातात, त्यामुळे घोडबंदर रोडच्या एकाच इमारतीत, एकाच मजल्यावरही दोन्ही पत्रकं पोचतात. हे पत्रक वर्तकनगरला आणि ते हिरानंदानीला, असं करू नका. मग तुमची तुलना पत्रकांची न राहता वस्त्यांची होते.

फोन कुठल्या पत्रकामुळे आला हे कळण्यासाठी महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही. तुमच्या फोनमध्ये दोन सिमची सोय असेलच. एका पत्रकावर एक नंबर, दुसऱ्यावर दुसरा. फोन वाजला की स्क्रीनवर कुठलं सिम ते दिसतं. वहीत त्या सिमच्या खाली एक रेघ मारायची. गिऱ्हाइकाला "तुम्हाला आमचं नाव कुठून कळलं?" असं विचारण्यात अर्थ नाही. घाईत माणूस "गूगलवर बघितलं" असं काहीतरी ठोकून देतो.

एक पथ्य मात्र पाळा. दोन पत्रकांवर दोन वेगवेगळे दर कधीही छापू नका. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संध्याकाळच्या आत दोन्ही पत्रकांचे फोटो शेजारी-शेजारी येतात, आणि मग जी काही शोभा होते ती पुढची दोन वर्षं पुरते. दराची परीक्षा घ्यायची तर सगळ्यांना दोन पर्याय उघडपणे द्या. साधी सर्व्हिस एवढ्याला. आणि जेट पंपानं कॉइल धुऊन, ड्रेन पाइप साफ करून, आउटडोअर युनिटसकट एवढ्याला. लोक काय निवडतात ते मोजा.

आता जाहिरात सोडून प्रत्यक्ष कामाकडे येऊ. माझ्या मते खरा पैसा तिथेच वाचतो, आणि तिथे कोणी तपासत नाही. नौपाड्यातून निघालेला मुलगा माजिवड्याच्या, कापूरबावडीच्या ट्रॅफिकमधून वाट काढत कासारवडवलीला पोचतो. गेटवर वॉचमन इंटरकॉम लावतो, वर कोणी उचलत नाही. मुलगा फोन करतो, तर पलीकडून, "अहो दादा, आम्ही जरा बाहेर पडलोय, संध्याकाळी याल का?" तो म्हणतो, "बरं ताई," आणि खाली उन्हात स्कूटरवर बसून मालकाला फोन लावतो. सकाळ गेली, पेट्रोल गेलं, पुढच्या दोन घरांची वेळ चुकली.

समजा तुमच्या मनात आलं, की निघण्याआधी तासभर गिऱ्हाइकाला मेसेज पाठवावा, येणाऱ्या मुलाचं नाव आणि फोटोसकट. गेटवरही त्याचा उपयोग होईल. पण कचेरीत बसलेल्या माणसाला रोज ते करायला लावायचं, तर त्यानं फुकट फेऱ्या खरंच कमी होतात का? इथे पावतीपुस्तक कामाला येतं. नोंदणी होताच कामाला नंबर पडतो ना? सम नंबरला मेसेज जाईल, विषम नंबरला जाणार नाही. बस. नियम असा कोरडा हवा, कारण नाही तर होतं काय, की मेसेज पाठवणारी व्यक्ती नेमकी ओळखीच्या, गोड बोलणाऱ्या गिऱ्हाइकांना पाठवते. ती माणसं तशीही घरीच असतात. मग मेसेजचं कौतुक होतं आणि खरं श्रेय गिऱ्हाइकाच्या स्वभावाचं असतं. फिशर यांच्या चिठ्ठ्यांचं काम इथे सम-विषम करतं.

काय मोजणार हे सुरुवात करण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. 'फुकट गेलेल्या फेऱ्या', एवढंच. नंतर आकडे मनासारखे आले नाहीत की आपण म्हणायला लागतो, "फेऱ्या नाही कमी झाल्या, पण लोकांना बरं वाटलं." बरं वाटण्याचा हिशेब कुठल्याच वहीत बसत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग, थोड्या आकड्यांचा. मोठ्या कंपन्यांकडे लाखो गिऱ्हाइकं असतात, आपल्याकडे आठवड्याला तीस-चाळीस कामं. घरी रुपयाचं नाणं दहा वेळा उडवून बघा. नाण्यात काही खोट नसतानाही साधारण तीनातून एकदा निकाल सात-तीन किंवा त्याहून एकतर्फी येतो. म्हणून "दहापैकी सातजणांनी प्रश्नाचं पत्रक बघून फोन केला" यावर नाचू नका.

थोड्या नमुन्यांतून किती खात्रीनं बोलता येतं, या प्रश्नाची पायवाट एका नोकरदार माणसानं घातली. डब्लिनमधल्या गिनेसच्या बिअर कारखान्यात विल्यम गॉसेट कामाला होते. बार्लीचे आणि बिअरचे नमुने हाताशी मोजकेच असायचे. त्यावरचा त्यांचा निबंध १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला तोही 'स्टुडंट' या टोपणनावानं, कारण कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावानं लिहिलेलं कंपनीला चालत नव्हतं. जगभरच्या कॉलेजांत आज तीच 'स्टुडंट'ची चाचणी शिकवतात.

आपल्याला तेवढ्या खोलात जायला नको. पत्रकं सारख्याच संख्येनं वाटली असतील, तर एक सोपा हिशेब पुरतो. दोन्हीकडच्या फोनची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा, त्याची दुप्पट करा. दोन आकड्यांतला फरक या दुपटीहून मोठा असेल तरच विश्वास ठेवा. दराच्या पत्रकावर ९ आणि प्रश्नाच्या पत्रकावर १६ फोन आले. बेरीज २५, वर्गमूळ ५, दुप्पट १०. फरक मात्र ७. अजून काही म्हणता येत नाही, चालू ठेवा. तेच प्रमाण टिकून पुढे ३६ आणि ६४ झाले, तर बेरीज १००, वर्गमूळ १०, दुप्पट २० आणि फरक २८. आता प्रश्नाचं पत्रक सरस म्हणायला हरकत नाही. हा हिशेबही वीसातून एखाद्या वेळी चकवतो, पण नुसत्या अंदाजापेक्षा पुष्कळ बरा. आणि रोज संध्याकाळी वही उघडून, मनासारखा आकडा दिसला की तिथेच थांबायचं, असं केलंत तर तो वारंवार चकवेल. किती पत्रकांनंतर किंवा किती कामांनंतर बघायचं, तेही पहिल्याच पानावर लिहा.

फोन मोजणं सोपं, म्हणून आपण फोन मोजतो. पण स्वस्त दराची मोठी अक्षरं बघून येणारे पुष्कळ फोन "आणखी किती कमी कराल?" यावरच संपतात. म्हणून वहीत सिमच्या रेघेपुढे आणखी दोन रकाने आखा, काम झालं का आणि पैसे किती आले. तिसरा रकाना महिनाभरानं भरायचा, तक्रार येऊन पुन्हा जावं लागलं का. ती दुसरी फेरी आपल्या खिशातून होते, आणि कमी वेळात जास्त घरं उरकण्याचा प्रयोग करणाऱ्याला तिची किंमत या रकान्यातच कळते.

प्रयोग कशावर करायचा नाही, तेही सांगतो. बाराव्या मजल्यावर आउटडोअर युनिटशी काम करणाऱ्या मुलाचा सेफ्टी बेल्ट, वायरिंगचं अर्थिंग. यात सम-विषम नाही, सगळ्या कामांना सारखंच.

राहता राहिला एक प्रश्न, जो मला हमखास विचारतात. इतकं करून दोन्ही बाजू सारख्याच निघाल्या तर? निघतात, आणि बऱ्याचदा निघतात. मग त्यातलं स्वस्त किंवा कमी कटकटीचं ते ठेवायचं. रंगीत आणि काळंपांढरं पत्रक सारखेच फोन आणत असतील, तर रंगीत छपाईचे पैसे वाचले. तासभर आधीच्या मेसेजनं फेऱ्या वाचत नसतील, तर तो बंद करा आणि त्याच मोकळ्या झालेल्या माणसाला दुसरं काम द्या. गेल्या वर्षी ज्यांची सर्व्हिस केली आणि आठवण करून द्यायला ज्यांची हरकत नव्हती, त्यांची यादी काढायची. सम नंबरांना फेब्रुवारीत फोन, विषम नंबरांना फक्त मेसेज. पुन्हा काम कुणी दिलं ते होळीपर्यंत वहीत दिसायला लागेल.

नमस्कार.