रिपोर्टवरची वरची ओळ

मुतखड्याची कळ ज्याला आली आहे, त्याला मी वर्णन करून सांगायला नको. माणूस टेबलावर सरळ पडूसुद्धा शकत नाही. मग सोनोग्राफी होते आणि रिपोर्टवर दोन ओळी येतात. खालची म्हणते, डाव्या मूत्रनलिकेत 6 मिलिमीटरचा खडा. वरची म्हणते, ग्रेड 1 फॅटी लिव्हर. सगळ्यांचे डोळे खालच्या ओळीवर. खडा पडतो, माणूस घरी जातो, वरची ओळ फायलीत राहते. दीड-दोन वर्षांनी तोच माणूस परत येतो, कळ फक्त दुसऱ्या बाजूला. वरची ओळ वाचून पुढे सरकणाऱ्यांत बरीच वर्षं मीही होतो, हे कबूल करतो.

या दोन ओळींचा संबंध काय? फॅटी लिव्हर असलेल्यांमध्ये खडे जास्त आढळतात, हे निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे. म्हणून लिव्हरमधली चरबीच खडा तयार करते, असं मात्र मी म्हणणार नाही. दोघांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. पोट सुटलेलं, साखर काठावर, ट्रायग्लिसराइड वाढलेले, अशी मंडळी.

आता इन्सुलिनचा लघवीशी काय संबंध? शाळेत आपण सामू शिकलो, लिटमस कागद आठवतोय ना? शरीरात रोज तयार होणारं आम्ल किडनी बाहेर टाकते आणि ते वाहून न्यायला अमोनिया तयार करते. अमोनिया हा त्या आम्लाचा हमाल समजा. किडनीच्या पेशी इन्सुलिनला जुमानेनाशा झाल्या की हमाल कमी पडतात, आम्ल मोकळंच लघवीत उतरतं आणि सामू 5.5 च्या खाली जातो. एवढ्या आंबट लघवीत युरिक अॅसिड विरघळून राहत नाही, त्याचे स्फटिक होतात. हा खडा साध्या एक्स-रेत दिसतही नाही. पण त्याची एक चांगली बाजू आहे. पोटॅशियम सायट्रेट देऊन सामू साडेसहाच्या आसपास ठेवला, तर तो बरेचदा विरघळतो. पेशंटला ऑपरेशनचीच धास्ती असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. अर्थात औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं, किडनी अधू असेल तर पोटॅशियम महागात पडतं.

बहुतेक खडे मात्र कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. ऑक्झलेट म्हटलं की आपण पालकाकडे बोट दाखवतो. पण त्यातला मोठा वाटा आपलं लिव्हरच बनवतं. काही मुलांच्या लिव्हरमध्ये जन्मतःच एक एन्झाइम सदोष असतं. त्यांच्या किडन्या खड्यांनी भरून जातात आणि काहींना किडनीबरोबर लिव्हरही बदलावं लागतं. दोष लिव्हरचा, खडे किडनीत! हा आजार अगदी विरळा, पण दोन अवयवांचं नातं तो जितकं स्वच्छ दाखवतो तितकं दुसरं काही दाखवत नाही.

खडा झाला की घरोघरी दूध-दही बंद होतं. हे उलटं आहे. अन्नातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. 2002 साली इटलीतल्या संशोधकांनी वारंवार खडे होणाऱ्या 120 पुरुषांचा पाच वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॅल्शियम तोडलेल्या 60 जणांपैकी 23 जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतकं ठेवून मटण-मासे आणि मीठ कमी केलेल्या 60 जणांत फक्त 12 जणांना.

वजनाचं म्हणाल, तर 80 किलोच्या माणसानं सहा ते आठ किलो उतरवले की लिव्हर चांगलं सुधारतं. मात्र हळूहळू. लग्नाआधी महिनाभरात दहा किलो, असले प्रकार केले तर युरिक अॅसिड उसळी घेतं.

सभागृहात मागच्या रांगेत बसलेल्या काकू विचारताहेत, उन्हाळी लागल्यावर उसाचा रस चालेल का? काकू, रसातली निम्मी साखर म्हणजे फ्रुक्टोज. ते लिव्हरमध्ये जाऊन चरबीही वाढवतं आणि युरिक अॅसिडही. तहान भागेल, पण वरची ओळ आणि खालची ओळ दोन्ही जाड होतील. लिंबू चालेल, त्यातलं सायट्रेट कामाचं आहे. पण आपल्या सरबतात साखरही असते आणि मीठही, आणि मिठानं लघवीतलं कॅल्शियम वाढतं. तेव्हा लिंबू नुसत्या पाण्यात पिळा. आणि पाणी किती प्यायलात ते ग्लासात मोजत बसू नका. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी. आपल्या एप्रिल-मेमध्ये त्यासाठी किती प्यावं लागेल, ते लघवीचा रंग बघून तुमचं तुम्हालाच कळेल.