युरोपचा हिशेब फाटकाशी थांबतो

मंडळी, पत्रिकेत विषय छापला आहे ‘कार्बन सीमाशुल्क आणि आपल्या गावाची आखणी’. कार्बन सीमाशुल्क म्हणजे बाहेरून येणारा माल बनवताना निघालेल्या कार्बनवर युरोपनं लावलेला दाम. तिथं येतोच. आधी काट्याची गोष्ट ऐका, माझं सारं म्हणणं तिथूनच निघतं.

आपल्याच पट्ट्यातल्या एका स्पंज आयर्न, म्हणजे खनिजापासून कोळशावर कच्चं लोखंड काढणाऱ्या कारखान्यात मी वजनकाट्यावर होतो. २०२३ च्या हिवाळ्यात खरेदीदाराचा एक तक्ता आला. आमच्या लोखंडाचं तो पोलाद करणार, ते युरोपात जाणार. आणि युरोपनं त्या ऑक्टोबरपासून मालामागचा कार्बन विचारायला सुरुवात केलेली. प्रश्न साधाच: महिन्याला कोळसा किती जाळला?

रजिस्टर काढलं. मेपेक्षा ऑगस्टचा कोळसा जास्त. भट्टी तीच, माल तेवढाच! साहेब म्हणाले, सरासरी टाका. मला काही ते पटेना. आमचा जुना खलाशी कामगार म्हणाला, “भाऊ, पावसाळ्यात कोळसा जेवते जी.” (हशा) हसू नका, त्याचं खरं होतं. धूळ बसावी म्हणून पाणी मारलेल्या ढिगातला एक बादली कोळसा मी तोलला, पत्र्यावर पसरून दोन दिवस उन्हात वाळवला, पुन्हा तोलला. काटा चांगलाच खाली आला. इतकी वर्षं आम्ही कोळशाबरोबर पाणी लिहीत होतो!

आता त्या पाण्याला किंमत आहे. १ जानेवारी २०२६ पासून युरोपात येणाऱ्या पोलादासारख्या मालामागच्या कार्बनवर दाम लागतो. स्वतःचा मोजलेला आकडा नसला, तर तिकडचा ठरलेला, वर चढवलेला आकडा लागतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. भराभर सांगतो.

खनिजातला ऑक्सिजन कोळसा ओढून नेतो, म्हणून लोखंड मोकळं होतं. तो धूर युरोप मोजतो. सिमेंट, ॲल्युमिनियम, खतही त्याच यादीत. पण माल वाहणारा ट्रक त्या हिशेबात नाही. पोलादासाठी कारखान्यानं बाहेरून घेतलेली वीजही सध्या नाही. म्हणजे धंद्यासाठी भट्टी सुधारेल, पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्या घुग्घुसच्या रस्त्यावरची काळी धूळ, शाळेसमोरची डंपरांची रांग, आमच्या मायमाउल्यांच्या गच्चीवरच्या काळ्या पडलेल्या कुरडया, यांचा दाम कुणीच मागणार नाही. ते काम विकास आराखड्याचं. १९६६ च्या नगररचना कायद्यानं हरकत घ्यायचा हक्क दिला आहे. रेल्वे सायडिंग कुठं, जड वाहनांचा रस्ता वस्तीबाहेरून कसा, भट्टीला लागून घरांचे प्लॉट पाडायचे की नाही, हे कारखान्यांनी आता मोजलेले आकडे समोर ठेवूनच ठरलं पाहिजे. मोजणी तर होतेच आहे, ती आपल्यालाही दाखवा!

आम्ही चौघं रोज सकाळी सहा ते दहा चौकात ट्रक मोजतो. वही सोबत आणली आहे. आराखड्याचा नकाशा लागला की ती हरकतीला जोडायची आहे. संध्याकाळच्या पाळीला माणसं कमी पडतात. कोण कोण येतं, नावं सांगा.