विमानातून तोफ कशी उतरवायची?

नमस्कार मंडळी, आता मी आमच्या फोंड्यात उभा आहे. डिसेंबर 1961 मध्ये, गोवा मुक्तीच्या वेळी, भारतीय सैन्याच्या 50 पॅराशूट ब्रिगेडची 2 पॅरा, म्हणजे मराठा पलटण, इथूनच पुढे गेली. उड्या मारायचं ट्रेनिंग घेतलेले हे जवान, पण गोव्यात आले ते रस्त्याने, नद्या ओलांडत. इथल्या म्हाताऱ्या माणसांकडून हे ऐकताना लहानपणापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न, की हे खरंच वरून उतरले असते तर यांच्या तोफा कशा उतरल्या असत्या?

त्याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धात सापडतं, अमेरिकेची 75 मिलिमीटरची पॅक हॉवित्झर, म्हणजे गोळा उंच उडवून आडोशापलीकडे टाकणारी तोफ. मुळात ही डोंगरातली तोफ, 1927 ची, सुटी करून खेचरांवर लादायची. नंतर तिला हवेच्या टायरचा एम8 गाडा दिला. वजन 650 किलो, म्हणजे जुन्या मारुती 800 एवढं, आणि मारा पावणेनऊ किलोमीटरच्या आसपास.

हे बघा, हिच्या गोळ्याच्या पितळी काडतुसात दारूच्या छोट्या पिशव्या असतात, जवळ मारायचं तर तोफची त्यातल्या काही हाताने काढून टाकतो, मगच गोळा भरतो. साधी युक्ती, पण मला फार आवडते.

उतरवताना तोफेचे नऊ गठ्ठे करायचे, नळी वेगळी, चाकं वेगळी, काही गठ्ठे विमानाच्या पोटाखाली टांगलेले, काही दारातून ढकलायचे, आणि खाली अंधारात शेतात, पाण्यात शोधत फिरायचं, कारण एक जरी हरवला तरी बाकीचे आठ नुसतं लोखंड! 6 जून 1944 ला फ्रान्समधल्या नॉर्मंडीत अमेरिकेच्या 377 व्या पॅराशूट फील्ड आर्टिलरी बटालियनने 12 तोफा टाकल्या, हाती लागली फक्त एक. मला विचाराल तर तोफ हलकी केली म्हणजे काम झालं असं नाही, ती एकत्र खाली पोचायला हवी.

सप्टेंबर 1944 मध्ये ब्रिटिशांनी हॉलंडमध्ये आर्नेमच्या लढाईला याच तोफा ग्लायडरमधून, म्हणजे दुसऱ्या विमानाने ओढून नेलेल्या बिनइंजिनाच्या विमानातून, नेल्या, अख्ख्या, सोबत ओढायला जीप. आर्नेमजवळच्या ऊस्टरबेक गावातल्या जुन्या चर्चजवळ त्या मांडल्या. तिथे जर्मन इतके जवळ आले की लांब टेकडीपलीकडे मारायची ही तोफ तोफच्यांनी समोर दिसणाऱ्या रणगाड्यांवर सरळ नेम धरून चालवली.