मैदानावरची पेटी
(लघुमाहितीपट: निवेदन)

(दृश्य: काळी पेटी, अगदी जवळून. दोन खटके उघडल्याचा आवाज. झाकण वर जातं, पडदा उजळतो.)

मिरजेत पेटी म्हटलं की माणसाला आधी हार्मोनियम आठवते. ही पेटीही मिरजेतच बनली, पण हिच्यात भाता नाही आणि सूरही नाहीत. झाकणात पंधरा इंची पडदा आहे, खाली अख्खा कॉम्प्युटर. दुकानात गेलो आणि घेऊन आलो, असा नाही. एकेक भाग गोळा करून, मापं घेऊन, कापून, कानशीनं घासून बसवलेला. उघडायला एक स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. जे बिघडेल तेवढंच काढायचं, तेवढंच बदलायचं.

(दृश्य: सांगलीतलं दुरुस्तीचं दुकान. भिंतीवर पुराच्या पाण्याची फिकट रेघ.)

पेटी करणाऱ्याला गल्लीत सगळे दादा म्हणतात. आपणही तेच म्हणू. आठवडाभर कॉम्प्युटर दुरुस्ती आणि जत्रांच्या दिवसांत कुस्तीच्या मैदानांचं थेट प्रक्षेपण, हा त्याचा धंदा. भिंतीवरची ही रेघ ऑगस्ट २०१९ ची आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं.

(दृश्य: मोबाइलमधला जुना फोटो. गाडीच्या मागच्या सीटवर मॉनिटर, त्याला सीटबेल्ट.)

पेटीच्या आधी मैदानाला निघायचं म्हणजे असं. कॉम्प्युटरचा टॉवर डिकीत पोत्यावर, मॉनिटर गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर, कीबोर्ड पायाशी. गावात पोचायचं, टेबल मागायचं, वायरी जोडायच्या. खड्ड्यात गाडी आदळली की रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी खाचेतून सैल व्हायची, मग मंडपात मशीन उघडून बसायचं. तोवर पहिल्या दोन-तीन कुस्त्या होऊन जायच्या. त्या लहान पोरांच्या असतात. त्यांच्या घरचे पुण्या-मुंबईत मोबाइल धरून बसलेले असतात.

लॅपटॉप का नाही, असं आम्हीही विचारलं. दादानं कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड पालथा करून दाखवला. दोन कॅमेऱ्यांचं चित्र एकाच वेळी घ्यायला कॅप्चर कार्ड लागतं, आणि कार्ड लावायला बोर्डावर स्लॉट, म्हणजे खाच, लागते. पाच-सहा तास उन्हात सलग काम करायला हवेला वाट लागते. शिवाय हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपांत रॅमसुद्धा बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. एक चिप गेली की सगळा बोर्ड बदला.

(दृश्य: हळदीच्या दुकानातला वजनकाटा. काट्यावर पेटी.)

साडेनऊ किलो. जड आहे, खरं आहे. पण हा कॉम्प्युटर उचलून न्यायचा, ही कल्पना निघाली तीच मुळी अशा वजनाची होती. १९८१ साली अमेरिकेत ऑस्बॉर्न-१ नावाचं यंत्र विक्रीला आलं. शिलाई मशीनच्या डब्यासारखी पेटी, पाच इंची पडदा, ६४ किलोबाइट मेमरी, किंमत १,७९५ डॉलर. वजन ११ किलो. ते काढणारा ॲडम ऑस्बॉर्न लहानपणी तामिळनाडूत, तिरुवन्नामलैत वाढला होता. दादाच्या बाकावर त्या यंत्राचं छापील चित्र चिकटवलेलं आहे. ते आम्ही मुद्दाम दाखवतोय. पेटीत कॉम्प्युटर बसवणं म्हणजे पोरखेळ नाही, त्या कामाला चाळीस वर्षांची परंपरा आहे.

(दृश्य: मिरज, सतारमेकर गल्ली. कोरलेले भोपळे, लाकडाचा भुसा. निवेदनाआधी पाच सेकंद फक्त पटाशीचा आवाज.)

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाद्यांसोबत इथं आणखी एक हुन्नर वाढला, त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही. वाद्य प्रवासाला निघतं तेव्हा त्याला पेटी लागते. भोपळा एका ठोक्यात तडकतो. तो देशोदेशी धड पोचवायचा, तर पेटी करणाऱ्याला वाद्याची नस ठाऊक असावी लागते.

दादानं आधी एक जुनी सूटकेस वापरून पाहिली होती. तिचं झाकण वाकायचं आणि पडद्यावर दाब यायचा. मग तो इथं आला.

(दृश्य: वयस्क कारागीर, हातात मोजपट्टी. मूळ आवाज ठेवावा.)

“चाचा, कॉम्प्युटर ठेवायचाय यात.”

“ठेव की. पेटी हलली तर हलू दे. आतलं हललं नाही पाहिजे.”

एवढ्या बोलण्यावर काम ठरलं. नऊ मिलिमीटरचा प्लायवूड, कडांना ॲल्युमिनियमचा अँगल, कोपऱ्यांना पत्र्याचे गोळे. आतून फोम, पण सगळीकडे सारखा नाही. जिथं भार पडतो तिथं कडक, जिथं नुसतं टेकतं तिथं मऊ. तंबोऱ्याच्या पेटीत भोपळ्याखाली एक आणि दांडीखाली दुसरा फोम असतो, त्याच हिशेबानं चाचांनी बोर्डाखाली आणि पडद्यामागे वेगवेगळा फोम घातला. तो किती जाडीचा, हे चाचांनी अंगठ्यानं दाबून ठरवलं. मोजपट्टी तेव्हा खिशात होती.

(दृश्य: दुकान, रात्र. बाकावर उघडा लॅपटॉप-पडदा. जवळून: पाठीवरचा नंबर.)

पडदा मेलेल्या लॅपटॉपचा आहे. लॅपटॉप मेला म्हणजे पडदा मेला, असं नसतं. पाठीवर बारीक अक्षरांत मॉडेल नंबर असतो, त्या नंबराला जुळणारा कंट्रोलर बोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचं चित्र पडद्याला समजेल असं करून देणारी पट्टी, मागवायचा. एका बाजूनं चित्राची एचडीएमआय केबल आत, दुसऱ्या बाजूनं तीस पिनांची केबल पडद्याला. ही केबल बिजागरीतून जाते आणि खरी मेख तिथंच आहे. केबल ताणून लावली, तर झाकण उघडझाप करताना दरवेळी एकाच जागी मोडते आणि महिन्या-दोन महिन्यांत पडद्यावर रेघा येतात. दादानं बिजागरीशी केबलीला सैल वेढा दिलाय. आता पाहा, झाकण उघडताना वेढा मोठा होतो आणि मिटताना आत जातो. हे चित्र आम्ही तीनदा घेतलं. नीट दिसावं म्हणून.

(दृश्य: ॲल्युमिनियमची पट्टी, त्यावर पितळी स्पेसर. बोर्ड अलगद उतरतो.)

बोर्ड मिनी-आयटीएक्स नावाच्या छोट्या मापाचा. १७ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, जेवणाच्या ताटलीपेक्षा लहान. त्याला स्लॉट एकच असतो, त्यात कॅप्चर कार्ड. कार्ड उभं राहिलं तर झाकण लागणार नाही, म्हणून रायझर केबल, म्हणजे स्लॉट लांबवणारी केबल, घालून ते आडवं निजवलंय. प्रोसेसर सहा कोअरचा, ६५ वॅटचा. त्याच्यावरचा कूलर पंख्यासकट ३७ मिलिमीटर उंच, याहून उंच काही पेटीत मावत नाही.

पहिल्या चाचणीत तापमान ९४ अंशांवर गेलं आणि मशीन आपोआप मंदावलं. पंखा चालू होता, हवाही होती. मग चुकलं कुठं? कूलरच्या वर आवरणपट्टी होती, त्यामुळे पंखा स्वतःचीच गरम हवा पुन्हापुन्हा ओढत होता.

(दृश्य: ड्रिलला लावलेला गोल करवा. पट्टीतून धातूचा कीस. निवेदन नाही, बारा सेकंद.)

कूलरच्या बरोबर डोक्यावर गोल भोक. भोक आणि पंखा यांच्यामध्ये फोमची बांगडी, म्हणजे बाहेरची थंड हवा थेट पंख्यातच जाते, इकडेतिकडे फुटत नाही. दुसरी चाचणी, तेच काम, तेवढाच वेळ. ७१ अंश.

आता धुळीचं. कुस्तीची माती साधी माती नसते. तेल, हळद, ताक, लिंबू घालून ती मुरवलेली असते. ती सुकून उडाली की पिठासारखी बारीक होते आणि तेलकटपणामुळे चिकटून बसते. म्हणून पेटीत दोन पंखे हवा आत घेतात आणि एकच बाहेर टाकतो. आतला दाब किंचित जास्त राहिला की फटींतून हवा बाहेरच येत राहते, धूळ शिरत नाही. आत येणाऱ्या हवेला जाळी एकाच ठिकाणी. ती काढायची, नळाखाली धरायची, वाळवून परत लावायची.

(दृश्य: बॅटरी, जाड लाल-काळ्या वायरी.)

विजेचं मात्र सावकाश सांगायला हवं. पहिल्या जुळणीत साधा एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेवर चालणारा कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, होता. एका मंडपात पेटीच्या कडेला हात लावला की मुंग्या यायच्या. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे दोन कॅपॅसिटर असतात आणि त्यांचा मधला बिंदू बॉडीला जोडलेला असतो. अर्थिंग नसेल तर बॉडीवर विजेचा निम्मा दाब उभा राहतो, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी किरकोळ, पण घामेजल्या हाताला तो कळतो. आणि मंडपातल्या जोडणीला अर्थिंग असतंच असं नाही.

दादानं एसएमपीएस काढूनच टाकला. आता लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार सेलची बॅटरी, १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-अवर. म्हणजे २५६ वॅट-अवर, दोन तास आरामात निघतात. जोडीला तेवढीच दुसरी बॅटरी चार्ज होत ठेवायची. इथं एक गोष्ट नवख्याला माहीत नसते. हिला बारा व्होल्टची बॅटरी म्हणतात, पण पूर्ण भरल्यावर ती १४.६ व्होल्टपर्यंत जाते. नेमक्या बारा व्होल्टवर चालणारी पॉवर सप्लायची पट्टी तिथं जळते. जास्त पल्ल्याचा व्होल्टेज घेणारीच पट्टी लागते. दादाची पहिली पट्टी अशीच गेली. ती त्यानं फेकलेली नाही, बाकाच्या खणात ठेवली आहे, शिकायला येणाऱ्या पोरांना दाखवायला.

खर्च नव्या बऱ्यापैकी लॅपटॉपइतकाच आला. अशी पेटी आणखी दोघांनी मागितली आहे.

(दृश्य: रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस, द्राक्षबागा. पेटी मागच्या सीटवर, आता सीटबेल्टशिवाय.)

तासगाव मागं पडतं. पुढं किर्लोस्करवाडी. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या या माळावर कारखाना उभा केला आणि लोखंडी नांगर बनवला. तेव्हा शेतकरी म्हणत, लोखंडानं जमिनीत विष भिनेल. शेजारीच कुंडल, कुस्तीच्या मैदानासाठी महाराष्ट्रभर माहीत असलेलं गाव. आम्ही चाललोय त्याच्या अलीकडच्या एका गावच्या जत्रेला. याच पट्ट्यात माणसांनी आपल्या हातांनी यंत्रं केली आहेत, आणि दादाची पेटी आम्हाला त्याच रांगेतली वाटते.

(दृश्य: मैदान, दुपार कलती. पेटी टेबलावर. खटके.)

खटके उघडल्यापासून पडद्यावर मैदान दिसेपर्यंत, आम्ही घड्याळ लावलं होतं, चार मिनिटं. दोन कॅमेरे, खाली पैलवानांच्या नावांची पट्टी, कोपऱ्यात वेळ. फोर-जीचा राउटर बांबूच्या टोकाला. दादा पंख्याच्या तोंडाशी तळहात धरून हवा किती गरम आहे ते पाहतो आणि मान हलवतो.

पहिली कुस्ती दहा वर्षांच्या दोन पोरांची.

(दृश्य: दोन्ही पोरं माती उचलून एकमेकांच्या हातावर देतात. सलामी. तेच चित्र पेटीच्या पडद्यावर. निवेदन बंद. हलगी.)