काहोकूच्या सपाता

[दार सरकतं. कॅमेरा जमिनीलगत.]

जपानी घराचं दार उघडलं की लगेच घर लागत नाही. आधी लागतो हा खोलगट चौकोन, गेनकान. छप्पर घराचं, पण फरशी रस्त्याच्या मानाची. समोर लाकडी पायरी. आता पाहुण्याचे पाय बघा. बुटातून निघालेलं पाऊल फरशीला टेकत नाही, थेट वर चढतं. मोजाच खालच्या धुळीला लागला तर बूट काढून काय मिळवलं? मग गुडघे टेकायचे आणि बुटांची तोंडं दाराकडे वळवून ठेवायची. वर यजमानांनी सपाता मांडून ठेवल्या आहेत. त्यांची तोंडं मात्र आतल्या बाजूला.

[लाकडी बोळ. सपातांचा आवाज ऐकू द्यावा.]

या सपाता लाकडी जमिनीपुरत्याच. ताटामीची खोली आली की त्याही दारातच सुटतात. ताटामी म्हणजे भाताच्या पेंढ्याचा घट्ट दाबलेला थर आणि त्यावर लव्हाळ्याची वीण. इथेच बसायचं, इथेच रात्री अंथरूण घालायचं. इथे सपाता नाही, फक्त मोजे नाहीतर अनवाणी पाय. संडासाच्या दाराआड पुन्हा वेगळी जोडी, ती तिथेच घालायची आणि तिथेच सोडायची. ती चुकून पायात ठेवून दिवाणखान्यात आलेल्या पाहुण्यांचे किस्से घरोघरी असतात.

चपला दाराशी काढायची सवय आपल्यालाही आहे, पण पायांचा इतका चोख बंदोबस्त आपण कधी केला नाही.

[जुनी छायाचित्रं: योकोहामा बंदर.]

बूट काढायची रीत जुनी, पण सपाता त्यामानाने कालची. 1859 साली योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं. उतरलेल्या साहेबलोकांना बूट काढायची सवयच नव्हती, ते तसेच ताटामीवर चढायचे. टोकियोच्या तोकुनो रिसाबुरो या शिंप्याने त्यावर तोडगा काढला असं मानतात: बुटावरूनच चढवायची सपाता! साहेबाचा मानही राहिला आणि चटईही वाचली.

सर्वसामान्यांच्या घरात सपाता शिरली ती महायुद्धानंतर. 1955 साली सरकारी गृहनिर्माण महामंडळ स्थापन झालं आणि शहरांभोवती दांची, म्हणजे सदनिकांच्या वसाहती, उभ्या राहिल्या. त्यांत ताटामी आक्रसली, लाकडी जमीन वाढली आणि थंडीत ती तळव्यांना झोंबू लागली.

[बर्फाखालची शेतं. मग काहोकूतलं वर्कशॉप.]

यामागाता प्रांतातलं काहोकू. इथल्या शेतकऱ्यांचे हात हिवाळ्यात रिकामे नसायचे, पेंढ्याच्या झोरी वहाणा विणायचे. लोक बूट घालू लागले आणि झोरींचं गिऱ्हाईक आटलं. तेव्हा हेच हात सपातांकडे वळले, आणि काहोकू जपानमधलं सपातांचं सगळ्यात मोठं केंद्र झालं.

काम घाईत उरकण्यासारखं नाही. कापडाच्या थप्पीवर पोलादी साचा ठेवून प्रेस दाबला की वरच्या भागाचे तुकडे निघतात. कडेला पट्टी शिवायची. शिवणयंत्रावरच्या बाई वळणावर वेग कमी करतात, तेवढ्यात बोटांनी कापड फिरवून घेतात. मग हा टप्पा, ज्यासाठी आम्ही इथवर आलो: शिवलेलं कापड फर्म्यावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, चढवून तळाकडे ओढायचं. नीट बघा, टोकाशी कापड जास्त होतं. तिथे अंगठ्याने बारीक बारीक चुण्या पाडत ते आत दुमडायचं आणि गोंदाला चिकटवायचं. चुणी जाड राहिली तर बोटांना टोचणार, कापड जास्त ताणलं तर सपाता वाकडी होणार. किती ओढायचं ते कारागीर अंगठ्याने ठरवतात, मोजपट्टी कुठे दिसली नाही. शेवटी तळ बसतो, दाब दिला जातो आणि फर्मा निघतो.

[बंद शटर.]

परदेशातून स्वस्त माल आला आणि बरीच वर्कशॉप्स बंद पडली.

[रंगीत कापडाचे तागे.]

जी टिकली, त्यांच्यातली काही जवळच्या योनेझावाचं विणलेलं कापड वापरतात. योनेझावा हे याच प्रांतातलं विणकरांचं जुनं गाव. हे कापड सपातेवर चढलं की ती पाहुण्यांसमोर ठेवावीशी वाटते, आणि खरं तर तिची जागा तीच आहे. हॉटेलातल्या पातळ, एका मुक्कामात फेकायच्या सपातांना आम्ही या फिल्ममध्ये जागा दिलेली नाही.

[सभागृह. टाळ्या.]

आणि हेही काहोकूच. इथे टेबल टेनिसच्या स्पर्धा भरतात, सपाता हातात धरून. टेबल नेहमीचं, चेंडू नेहमीचा, आरडाओरडा जरा जास्त. या काकांचा बॅकहँड जबरदस्त आहे.