पावती एका माणसाची

नमस्कार श्रोतेहो.

आज एका जपानी रहस्यकथेबद्दल बोलायचंय. सेइचो मात्सुमोतो यांची ‘तेन तो सेन’, म्हणजे ‘बिंदू आणि रेषा’. १९५७ साली ती ‘ताबी’ नावाच्या प्रवासाच्या मासिकात क्रमशः यायला लागली, १९५८मध्ये पुस्तक झालं. मी वाचली ती इंग्रजीतून. जपानी नावं लक्षात राहत नाहीत, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. मी सरळ लाइटबिलाच्या पाठीवर नावं लिहून ठेवली. लग्नाकार्यात चुलतसासूची मावसबहीण बरोबर आठवते आपल्याला, मग सायामा आणि तोरिगाई एवढी दोन नावं जड का व्हावीत?

तर गोष्ट अशी. फुकुओका शहराजवळ काशीईचा समुद्रकिनारा. थंडीतली सकाळ. एक पुरुष आणि एक बाई शेजारीशेजारी मरून पडलेले. विष घेतलेलं. तो सायामा, सरकारी खात्यातला अधिकारी, ती टोकियोतल्या एका हॉटेलात वाढणारी. पोलीस म्हणतात, प्रेमप्रकरण, दोघांनी मिळून जीव दिला. पण तोरिगाई नावाच्या मुरलेल्या डिटेक्टिव्हला त्या माणसाच्या खिशात एक पावती सापडते. रेल्वेतल्या जेवणाच्या डब्यातली. पावती एका माणसाची. नीट ऐका हं, दोघं टोकियोहून एकाच गाडीनं निघाले आणि पावती एका माणसाची.

इथवर वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. समोर सासूबाई पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना म्हटलं, “आई, दोघं जीव द्यायला निघालेत, एवढा लांबचा प्रवास, आणि जेवला तो एकटाच. काय वाटतं?”

शेंग सोलता सोलता त्या म्हणाल्या, “ती त्याची कुणी नव्हतीच.”

“अहो, भूक नसेल तिला!”

“नसू दे. नुसता चहा घ्यायला तरी गेली असती की!”

आणि मग कर्जत निघालं. लग्नाला महिना झालेला, मुंबईहून पुण्याला निघालेल्या. कर्जतला घाट चढायला मागून इंजिनं जोडतात, गाडी थांबते. सासऱ्यांना वड्याचा वास आला, ते उतरले. “मला कुठली भूक! आदल्या दिवशीचं पुरण अजून पोटात होतं. पण हे उतरले म्हणून मी उतरले.” वडे कागदात बांधून होताहेत तोच इंजिन लागल्याचा धक्का बसला, शिट्टी झाली, गाडी हलली. सासऱ्यांच्या एका हातात वडे, दुसऱ्या हातानं बायकोला ढकललं ते भलत्याच डब्यात. लोणावळ्यापर्यंत दोघं कुणाच्या तरी ट्रंकेवर बसून गेले. “अर्धा वडा दिला मला. तिखटजाळ होता मेला. पण खाल्ला.”

(हल्ली गाडीत बसल्याजागी मोबाइलवर जेवण मागवतात. खिडकीबाहेर हात काढून चहा घेण्यातली मजा गेली ती गेलीच, हे माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही.)

सांगायची गंमत पुढे आहे. मी पुस्तक पुन्हा उघडलं. तर तोरिगाई घरी जातो आणि आपल्या मुलीला नेमकं हेच विचारतो. तुझ्या माणसाला जेवायला जायचंय, तुला भूक नाही, तर काय करशील? मुलगी म्हणते, सोबत जाईन, कॉफी घेईन. हा भुकेचा प्रश्न नाहीच, मायेचा आहे. मला शहारा आला! सासूबाईंना ते वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, “मग! त्यात शोधायचंय काय?” आणि पावट्याचं ताट माझ्याकडे सरकवलं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सोलायचं मी, ऐकायचं त्यांनी. म्हणजे मी वाचायचं आणि सोलायचंही.

अरे, काचेपलीकडून दोन बोटं दाखवताहेत. दोन मिनिटं राहिली. आणि या कादंबरीचं खरं नाव झालं ते चार मिनिटांसाठी! ते असं. टोकियो स्टेशनात १३ नंबरच्या फलाटावरून १५ नंबरचा फलाट दिसत नाही, मध्ये सारख्या गाड्या. दिसतो तो फक्त संध्याकाळी ५.५७ ते ६.०१. चार मिनिटं. बरोबर त्या चार मिनिटांत साक्षीदारांना ती दोघं ‘आसाकाझे’ गाडीत चढताना दिसली. आता हा योगायोग, की कुणी मांडून ठेवलेला डाव? आणि या वेळा लेखकाच्या मनच्या नाहीत, तेव्हाच्या खऱ्या वेळापत्रकातल्या आहेत. पुढचा सगळा तपास त्या वेळापत्रकाच्या रकान्यांतून चालतो.

खुनी कोण ते सांगत नाही. सासूबाईंना मात्र ती चार मिनिटं अजून पटलेली नाहीत. त्या म्हणतात, “एकही गाडी लेट नाही? आपल्या दादरला हा खून झालाच नसता.”

नमस्कार.